बोनेरचा पाण्याखालचा मुलूख

कॅरिबियन समुद्रातील बेटांचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभी राहतात ती क्रिकेटची मैदाने. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे अजित वाडेकरांच्या संघाने मिळवलेला विजय आणि त्याच सामन्यात सुनील गावसकरांनी केलेले पदार्पण यांमुळे त्रिनिदाद, बार्बाडोस, जमेका ही नावे आपल्याकडे घरोघरी पोहोचली. परंतु त्याच समुद्राच्या दक्षिण कडेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, ज्याच्यावर आजही नेदरलँड्सचा अंमल आहे असे बोनेर नावाचे एक बेट आहे; आणि समुद्रस्नानासाठी, त्यातही पाण्यावर पालथे तरंगत समुद्राचा तळ न्याहाळण्यासाठी, त्या सागरातील असंख्य बेटांतून एकाचीच निवड करावयाची झाली, तर माझे मत निःशंकपणे या बेटाच्या बाजूने पडेल.

ही निवड ऐकून ज्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्याशुभ्र वाळूचे विस्तीर्ण पट्टे आणि त्यांवर झुकलेली नारळाची झाडे आली असतील, त्यांना प्रारंभीच सांगितले पाहिजे की तसा देखावा बोनेरवर क्वचितच आढळतो. सुमारे २९० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे, पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे बेट रुक्ष आणि काटेरी आहे. उत्तरेकडे निवडुंगांनी झाकलेल्या टेकड्या, ज्यांतील सर्वोच्च ब्रांडारिस २४१ मीटरची, दक्षिणेकडे जवळजवळ समुद्रसपाटीवर पसरलेली मिठागरे, रानोमाळ हिंडणारी गाढवे, आणि किनारा म्हणावा तर लाटांनी घासून गुळगुळीत झालेल्या मृत प्रवाळांच्या तुकड्यांचा. वाळूत पहुडण्यासाठी जो येईल त्याला अरुबा किंवा बार्बाडोस अधिक मानवेल. बोनेरचे सारे वैभव पाण्याच्या रेषेपलीकडे सुरू होते, आणि ते इतके निकट सुरू होते की किनाऱ्यावरून पाण्यात शिरलेल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी पन्नास हातांच्या आतच जिवंत प्रवाळांचे माथे दिसू लागतात.

असे का व्हावे, याचे उत्तर त्या बेटाच्या रुक्षतेतच सापडते. प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसणारा, दगडासारखा लागणारा, परंतु वस्तुतः अतिसूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीने निर्माण केलेला पदार्थ होय. त्या प्रत्येक इवल्या प्राण्याच्या शरीरपेशींत एकपेशीय शैवाले वास करतात, ती सूर्यप्रकाशाच्या साह्याने अन्न निर्माण करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात, व त्या पोषणाच्या बळावर प्रवाळ समुद्रजलातील चुना शोषून आपले कवच उभारीत जातो. या भागीदारीला ऊब हवी, स्थिर क्षारता हवी आणि सर्वांत अधिक प्रकाश हवा. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो, गाळ साचला की प्रवाळ गुदमरतो. बोनेरवर वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईवर एका जुलै महिन्यात सामान्यतः याहून अधिक पडतो. त्यामुळे बेटावर बारमाही नदी नाही, आणि नदी नाही म्हणून तिच्याबरोबर येणारा गाळही नाही. वर्षातील बहुतेक काळ पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर लाटांचे प्रचंड तडाखे देतात. परंतु पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने तेथे पाणी तलावासारखे शांत राहते, तळाचा गाळ ढवळला जात नाही, आणि पाण्याखाली तीस मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसावे हे तेथे नेहमीचेच असते. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रवाळभित्तींचे जे तीन प्रकार वर्णिले, त्यांपैकी किनाऱ्याला अगदी बिलगून असणाऱ्या काठप्रवाळाचे बोनेर हे उत्तम उदाहरण आहे: प्रथम चार-पाच मीटर खोलीचे उथळ पठार, आणि मग एकाएकी निळ्या अंधाराकडे उतरत जाणारा प्रवाळांचा उतार.

त्या पठाराच्या कडेवर तरंगणे हेच स्नॉर्केलिंगचे मर्म आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाणाऱ्या पाणबुड्याला शिक्षण आणि परवाना लागतो. स्नॉर्केल करणाऱ्याला डोळे व नाक झाकणारा मास्क, तोंडात धरावयाची वाकडी नळी, पायांत रबरी फिन्स आणि नवशिक्याला एक लाइफ जॅकेट एवढेच साहित्य पुरते. मास्क खरेदी करताना तो चेहऱ्याला लावून, पट्टा न ओढता, नाकाने किंचित श्वास आत घ्यावा. मास्क जागीच चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा, गळून पडला तर दुसरा पाहावा. मिशा असलेल्या पुरुषांच्या मास्कमध्ये पाणी थोडे अधिक झिरपते. पहिले दोन-चार श्वास भीतीचे असतात, कारण पाण्यात तोंड घातले की श्वास रोखावा ही देहाची जुनी सवय असते. ती मोडण्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, केवळ चेहरा बुडवून, सावकाश श्वासोच्छ्वास करीत राहण्याखेरीज दुसरा उपाय नाही. एकदा का श्वासाची लय सापडली की हातपाय मारण्याची गरजच उरत नाही, आणि जो जितका निश्चल राहील तितका मासा त्याच्या जवळ येईल.

या सरावासाठी विमानतळाच्या धावपट्टीलगत असलेला ते आमो नावाचा किनारा सोयीचा आहे. तेथे बोनेरला दुर्मीळ अशी वाळू आहे, उतार सौम्य आहे, आणि उथळ पाण्यात चरावयास येणारी कासवे पुष्कळदा पहिल्याच फेरीत दिसतात. मात्र ज्या स्थळामुळे बोनेरची कीर्ती झाली ते क्रालेन्डाइक या मुख्य गावासमोर, सुमारे ८०० मीटरच्या खाडीपलीकडे आहे. क्लाइन बोनेर, म्हणजे धाकटे बोनेर, हे सुमारे सात चौरस किलोमीटरचे, निर्जन, सपाट, झुडपांनी झाकलेले उपबेट. तेथे हॉटेल नाही, घर नाही, गोडे पाणी नाही. एकोणिसाव्या शतकात ते खाजगी मालकीत गेले, आणि पुढे त्यावर मोठी बांधकामे करण्याचे बेतही झाले. परंतु १९९९ साली सार्वजनिक पैसा आणि देणग्या यांतून त्याचे खरेदीखत होऊन ते पुन्हा बेटाच्या मालकीचे झाले, व २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. गावातील धक्क्यावरून प्रवासी होड्या तेथे जातात. नो नेम बीच या वाळूच्या पट्ट्यावर त्या माणसांना उतरवतात, किंवा थोड्या वरच्या अंगाला पाण्यातच सोडतात, आणि मग प्रवाहच माणसाला प्रवाळाच्या कडेकडेने हळूहळू वाहून नेतो. पोहण्याचे श्रम नसलेला असा जलप्रवास मला स्नॉर्केलिंगचा सर्वांत उत्कृष्ट प्रकार वाटतो, कारण त्यात लक्ष सर्वस्वी दृष्टीकडे देता येते.

आणि पाहण्याजोगे इतके असते की प्रथम काहीच दिसत नाही. रंगांचा गोंधळ ओसरू लागतो तेव्हा एकेक रचना उलगडते. मेंदूच्या वळ्यांसारख्या रेषांनी कोरलेले गोलाकार प्रवाळ, जे वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात आणि म्हणून ज्यांचा पुरुषभर घेर शतकांच्या वाढीचा असतो. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर डोलणारे जांभळे पंखाकार मृदू प्रवाळ. आणि त्यांच्या दांड्यांच्या आड डोके खाली करून उभा राहणारा ट्रम्पेटफिश, जो असा काठीसारखा निश्चल राहून भक्ष्य टप्प्यात येण्याची वाट पाहतो. काळ्या अंगावर सोनेरी खवल्यांची कड असलेले फ्रेंच एंजलफिश जोडीजोडीने फिरतात, आणि ती जोडी दीर्घकाळ टिकते. सार्जंट मेजर हा अंगावर काळे पट्टे असलेला हातभरही नसलेला मासा दगडावर जांभळ्या अंड्यांचा थर घालतो, आणि त्यांची राखण नर करतो. एरवी माणसाला पाहून दूर सरणारा हा जीव त्या काळात मास्कच्या काचेवर चाल करून येतो. प्रवाळाच्या माथ्यावर ख्रिसमसच्या झाडासारखे दिसणारे दोन-दोन रंगीत तुरे असतात, ते एका कृमीचे कल्ले होत. त्यावर आपली सावली पडली की निमिषार्धात ते बिळात अदृश्य होतात.

या सर्वांत पोपटमाशाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. पाण्यात कान दिला की जो करकर चावण्याचा ध्वनी सतत येत असतो त्यातला बराचसा या माशाचा असतो. त्याचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात, त्यांनी तो प्रवाळावरील शैवाल खरवडतो, खरवडताना चुनखडीचे कण गिळतो, घशातील दातांनी त्यांचे पीठ करतो आणि शेषभाग वाळू म्हणून बाहेर टाकतो. कॅरिबियन किनाऱ्यांवरील जी शुभ्र वाळू पाहून प्रवासी हरखून जातात तिचा मोठा हिस्सा या माशांच्या उदरातून आलेला आहे. यातील पुष्कळ जाती आयुष्याचा आरंभ तांबूस-करड्या मादीच्या रूपात करतात आणि पुढे हिरव्या-निळ्या झळझळीत नराचे रूप घेतात. काही जाती रात्री स्वतःभोवती श्लेष्माचा पारदर्शक कोश विणून त्यात निजतात. या माशाने शैवाल खाऊन टाकले नाही तर ते प्रवाळांवर माजते आणि नव्या प्रवाळांना जागाच उरत नाही. म्हणूनच बोनेरच्या सरकारने २०१० साली पोपटमासा पकडण्यास मनाई केली.

मनाईचा विषय निघाला आहे तेव्हा त्याविषयी सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण माझ्या मते बोनेरकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. निसर्गाने दिलेले स्वच्छ पाणी शेजारच्या इतर बेटांनाही कमीअधिक प्रमाणात लाभले होते. बोनेरने त्यावर कायद्याचा बंदोबस्त लवकर केला. कासवांच्या रक्षणाचा कायदा १९६१ चा, भाल्याने मासे मारण्याची बंदी १९७१ ची, प्रवाळ तोडण्याची बंदी १९७५ ची. आणि १९७९ साली बेटाभोवतीचा सारा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, क्लाइन बोनेरसह, सागरी उद्यान म्हणून जाहीर झाला. १९६२ साली शिडाच्या जहाजातून येथे येऊन स्थायिक झालेल्या कॅप्टन डॉन स्टुअर्ट या पाणबुड्याने याचा पाठपुरावा केला, आणि बोटींनी प्रवाळावर नांगर न टाकता तळाशी कायम बसवलेल्या दोरांनाच बांधून राहावे या प्रघाताचा पाया घातला. आज त्या पाण्यात नांगर टाकणे सामान्यतः गुन्हा आहे. पाणबुड्यांना हातमोजे घालण्यास मनाई आहे, आणि त्यामागील तर्क सुंदर आहे: ज्याचा हात उघडा आहे तो हात लावण्यापूर्वी विचार करतो.

तरीही केवळ हुकूम काढल्याने काम होत नाही, हे याच उद्यानाच्या इतिहासातून दिसते. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या डच शाखेच्या मदतीने उद्यान उभे राहिले. परंतु आरंभीचा पैसा संपल्यावर १९८० च्या दशकात ते बरेचसे कागदोपत्रीच उरले, राखणदार नाहीत, देखरेख नाही अशी अवस्था झाली. १९९१ नंतर त्याची पुनर्घटना झाली, आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला दहा डॉलर शुल्क वसूल होऊ लागले. शुल्क लावल्यास पर्यटक पाठ फिरवतील अशी भीती तेव्हा बोलून दाखवली जात होती, ती खोटी ठरली. त्या वसुलीतून उद्यानाचा खर्च चालू लागला, आणि जगातील इतर सागरी उद्यानांनी तो दाखला डोळ्यांसमोर ठेवला. आता हे शुल्क पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले असून पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला ते भरावेच लागते. स्टिनापा ही संस्था ते गोळा करते आणि उद्यानाची व्यवस्था पाहते. हा खर्च कोणी जकात समजू नये. आपण जे पाहावयास आलो आहोत त्याच्या रक्षणाचा तो वाटा आहे.

पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड दिसतात, त्यांवर पाण्यातील स्थळाचे नाव लिहिलेले असते. भाड्याची गाडी थांबवावी, दगडावरील नाव वाचावे आणि पाण्यात उतरावे, अशी सोय अन्यत्र क्वचित असेल. उत्तरेकडील थाउजंड स्टेप्स या स्थळाच्या पायऱ्या नावाप्रमाणे हजार नसून सत्तरच्या आसपास आहेत. चुनखडीच्या कड्यातून त्या खाली उतरतात, आणि खालची छोटी चंद्रकोरी खाडी, वरून पाहताना तळाचे प्रवाळ स्पष्ट दिसावेत इतकी निर्मळ, बेटावरील सर्वांत रमणीय आहे असे मला वाटते. किनाऱ्यावर मात्र सुटे प्रवाळखंड पसरलेले आहेत, त्यामुळे जाड तळाचे रबरी बूट घातल्यावाचून तेथे चालू नये. आणि पायऱ्यांची मोजदाद खरी पटते ती ओल्या अंगाने परत चढताना. कासवांना हे पाणी आवडते. हिरवे कासव गवत चरते, तर हॉक्सबिल आपल्या टोकदार तोंडाने प्रवाळांच्या फटींतील स्पंज ओरबाडते. श्वासासाठी ते वर येते तेव्हा त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये कोणीही येऊ नये, एवढे सौजन्य प्रत्येक पाहुण्याने पाळावे.

दक्षिणेकडे रस्ता वळतो तसा देखावा सर्वस्वी बदलतो. जमीन सपाट होते, डाव्या हाताला गुलाबी पाण्याचे चौकोनी कुंड लागतात, आणि दूरवर मिठाचे पांढरे ढिगारे उन्हात तळपतात. पाण्याचा गुलाबी रंग अतिक्षार पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. त्यांतील रंगद्रव्ये अन्नसाखळीतून रोहित पक्ष्यांच्या पिसांत उतरतात. पेकेलमेर येथे मिठागरांच्या आतच ५५ हेक्टरांचा भाग या पक्ष्यांच्या विणीसाठी राखून ठेवला आहे, तेथे कोणासही प्रवेश नाही, आणि रस्त्यावरून दुर्बिणीने पाहण्यातच समाधान मानावे लागते. मीठ जहाजात चढवण्याचा जो धक्का समुद्रात गेला आहे त्याच्या खांबांखालचे पाणी स्नॉर्केलसाठी अपूर्व आहे: खांबांना लाल-केशरी स्पंजांचे जाड आवरण चढलेले, त्यांच्यामध्ये तिरकस उतरणाऱ्या सूर्यकिरणांत शेकडो पिवळे-रुपेरी मासे एकाच दिशेने तोंड करून थांबलेले, आणि मधूनच आरशासारख्या खवल्यांचा, पुरुषभर लांबीचा टार्पन मासा सावलीतून सरकत जाणारा. धक्क्याला जहाज लागलेले असेल तेव्हा तेथे उतरण्यास मनाई असते, आणि तिचे पालन काटेकोर करावे.

या धक्क्यावरून पुढे थोड्याच अंतरावर समुद्राकडे तोंड करून बसक्या दगडी खोपट्यांच्या रांगा उभ्या आहेत, आणि प्रवाशाने तेथे थांबलेच पाहिजे. १६३६ साली डचांनी हे बेट स्पॅनिशांकडून घेतले ते प्रामुख्याने मिठासाठी, कारण हेरिंग मासा खारवण्याच्या त्यांच्या मोठ्या धंद्याला मीठ हवे होते आणि स्पेनशी चाललेल्या युद्धामुळे जुने पुरवठे तुटले होते. मिठागरांवर राबले ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांची संतती. पुढे बेट थेट सरकारी व्यवस्थापनाखाली गेले तेव्हा या माणसांची नोंद दप्तरात सरकारी गुलाम म्हणून होत असे. १८५० च्या सुमारास बांधलेली ही खोपटी आत ताठ उभे राहता येणार नाही इतकी बुटकी आहेत, आणि त्यांत माणसे आठवडाभर रात्री काढीत. त्यांची कुटुंबे उत्तरेकडील रिंकॉन गावी असत, आणि सुट्टीसाठी तेथे पोहोचण्यास सुमारे सात तासांची पायपीट करावी लागे. जवळच दगडी मनोरे आहेत, वेगवेगळ्या रंगांचे, जहाजांना कोणत्या ठिकाणी मीठ भरावयाचे ते कळावे म्हणून उभारलेले. गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी. पिंक बीच, मार्गेट बे ही दक्षिणेची रम्य स्नानस्थळे याच रस्त्यावर आहेत; त्यांचा आनंद घेऊ नये असे मी म्हणणार नाही, परंतु त्या खोपट्यात वाकून शिरल्याशिवाय आणि उन्हात परावर्तित होणाऱ्या त्या शुभ्र मिठाकडे डोळे किलकिले करून पाहिल्याशिवाय या बेटाची ओळख पुरी होत नाही.

दक्षिण टोकाला, विलेम्सटोरेन दीपगृहाच्या आसपास, प्रवाह जोरदार असतात आणि रेड स्लेव्हसारख्या स्थळी अनुभवी पाणबुडेदेखील जपून उतरतात. साध्या स्नॉर्केलकऱ्याने ती हद्द ओलांडू नये. टोक वळून पूर्व बाजूला गेले की उघडा समुद्र खडकांवर आदळताना दिसतो, तो लांबूनच पाहावा. या बाजूला एकच आडोसा आहे, लाकची उथळ खाडी. तिच्या तोंडावरील प्रवाळ लाटा अडवतात, आत कमरेएवढे कोमट पाणी आणि तळाला सागरी गवताची कुरणे, मागे खारफुटीचे दाट वन. प्रवाळांवर आढळणाऱ्या पुष्कळ माशांचे बालपण खारफुटीच्या या मुळांत जाते. छोट्या होड्यांतून वाटाड्याबरोबर तेथे जाता येते, आणि मुळांच्या जाळीत तरंगत बोटाएवढी पिले पाहणे हा प्रवाळ पाहण्याहून वेगळा, शांत आनंद आहे. २०११ पासून कॅरिबियनभर वाहून येऊ लागलेल्या सरगॅसम या तरंगत्या शेवाळाचा उपद्रव या बाजूला अधिक होतो. उत्तरेचे वॉशिंग्टन स्लाखबाय राष्ट्रीय उद्यान १९६९ पासूनचे. तेथील स्लाखबाय आणि वायाका या खाड्या गर्दीपासून दूर असल्या तरी रस्ते खडबडीत आहेत, आणि सबंध दिवस हाताशी असल्यावाचून तिकडे जाण्यात अर्थ नाही.

या वर्णनावरून तेथील प्रवाळ अक्षत आहेत असा समज होऊ देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८३-८४ मध्ये लांब काळ्या काट्यांचा समुद्री अर्चिन, जो शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवीत असे, एका अज्ञात रोगाने सबंध कॅरिबियनमध्ये जवळजवळ नाहीसा झाला. त्याच दशकात सांबरशिंगासारख्या शाखा असलेले उथळ पाण्यातील प्रवाळ दुसऱ्या एका रोगाने मेले, आणि आज किनाऱ्यावर पायाखाली जे तुकडे येतात त्यांतील पुष्कळ त्यांचेच. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी हे चक्रीवादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले. बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर असल्याने आणि पश्चिम किनाऱ्याला मोठ्या लाटांची सवय नसल्याने उथळ प्रवाळ मोडले, पिंक बीचची वाळू वाहून गेली. २००९ साली हिंद आणि प्रशांत महासागरांतील लायनफिश येथे प्रथम दिसला. त्याला या पाण्यात नैसर्गिक शत्रू जवळपास नसल्यामुळे प्रशिक्षित पाणबुड्यांना त्याची शिकार करण्याचे खास परवाने द्यावे लागले. आणि २०२३ साली दुहेरी आघात झाला: प्रवाळांच्या उती झपाट्याने नष्ट करणारा रोग बेटावर आढळला, व त्याच वर्षी पाणी इतके तापले की प्रवाळांनी आपल्या शरीरातील शैवाले बाहेर टाकली आणि ते पांढरे पडले. असा विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही; पाणी वेळीच निवले तर शैवाले परत येतात. बोनेर आजही कॅरिबियनमधील अधिक सुस्थितीतल्या प्रवाळप्रदेशांत गणले जाते, आणि पायांतील फिन्सचा एक फटकारा वर्षानुवर्षांची वाढ मोडू शकतो हे जाणूनच तेथे पाण्यात उतरावे.

जाण्याविषयी थोडे. बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, तरी ते शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. भारतीय पारपत्रधारकांनी त्यासाठी लागणाऱ्या वेगळ्या व्हिसाची चौकशी डच वकिलातीकडे आगाऊ करावी. विमाने ॲमस्टरडॅमहून आणि अमेरिकेतील काही शहरांतून येतात, तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे बेट भारतातून येणाऱ्यापेक्षा पुष्कळ जवळचे आहे. चलन अमेरिकन डॉलर. पाणी बारा महिने उबदार असते, २६ ते २९ अंशांच्या आसपास; डिसेंबर ते एप्रिल गर्दीचा आणि अधिक खर्चाचा काळ. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली ऊनप्रतिबंधक मलमे २०२१ पासून बेटावर निषिद्ध आहेत. त्यापेक्षा लांब बाह्यांचा, पोहण्याचा सदरा घालावा, कारण पालथे तरंगताना पाठ भाजते आणि पाण्यात ते कळत नाही. एकट्याने पाण्यात जाऊ नये. बाहेर कोठून यायचे ती खूण आत शिरण्यापूर्वीच मनाशी पक्की करावी, आणि किनाऱ्यावर सोडलेल्या गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत.

ज्याच्या हाती एकच दिवस असेल त्याने तो क्लाइन बोनेरला द्यावा. दुसरा दिवस मिळाला तर सकाळ थाउजंड स्टेप्सला, जेव्हा ऊन कोवळे आणि पाणी अगदी स्तब्ध असते, आणि दुपारनंतरचा वेळ मिठागरांच्या दक्षिण रस्त्याला द्यावा. लाक व उत्तरेचे उद्यान तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी ठेवावेत. आणि ज्यांना पोहता येत नाही, अशा वाचकांना, विशेषतः ज्यांना लहानपणी विहिरीकडे फिरकूही दिले गेले नाही अशा भगिनींना, माझी आग्रहाची विनंती आहे की तिकिटे काढण्याच्या आधी आपल्या गावच्या तलावात नाव घालून पोहणे शिकून घ्यावे.